झोक्यावरचं चौथं कडवं

अभिमनची बायको मंजुळाबाई पौषात गेली. कावीळ झाली, धुळ्याला नेली, नवव्या दिवशी परत आणली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची पहिली घागर भरायची होती.

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरून ठेवतात. पुरुष गेला असेल तर पुरुषाला जेवायला बोलावतात, बाई गेली असेल तर बाईला. ते माणूस जेवलं, पाणी प्यालं, की गेलेल्याला पोचलं असं धरतात. अभिमननं झुंबरबाईला सांगून ठेवलं होतं. झुंबरबाई मंजुळाबाईच्या जोडीची. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गावात आल्या, आणि पंचवीस वर्षं आखाजीच्या झोक्यावर दोघी मिळून गायल्या. एक म्हणायची, दुसरी उचलायची.

अभिमन ग्रामपंचायतीचा शिपाई. नोटीस चिकटवणं, दवंडी देणं आणि पाणी सोडणं ही त्याची कामं. टाकीखालच्या खड्ड्यात वॉल होते. कमरेएवढा लोखंडी दांडा होता, त्यालाच सगळे चावी म्हणत. ती घालून फिरवली की वरच्या आळीला पाणी जायचं, दुसरीकडे फिरवली की खालच्या आळीला. अठरा वर्षं चावी त्याच्या घरात दाराआड उभी होती. कायम मात्र कोणी केलं नव्हतं. सरपंचानं ठेवलं तोवर राहायचं.

सरपंच सुकदेव नाना. तोही तितकीच वर्षं सरपंच.

चैत्रात धुळ्याहून कॉलेजच्या प्राध्यापक प्रमिलाबाई गावात आल्या. त्या बायकांची गाणी गोळा करत हिंडत होत्या. सोनगीरपर्यंत एस.टी.नं यायच्या, तिथून मिळेल त्या गाडीनं. खांद्याला टेपरेकॉर्डर. पंचायतीत आल्या तेव्हा नाना नव्हता. अभिमननं त्यांना पाणी दिलं, चहा आणला आणि त्या उठायच्या आत म्हणाला, "आमच्या घरात होती एक. आता नाही. पण तिचं गाणं आहे."

"कशावरचं?"

"टँकरवरचं."

प्रमिलाबाईंनी वही उघडली. अभिमनला गाता येत नव्हतं. त्यानं नुसतं बोलून दाखवलं. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात मंजुळाबाईनं ते रचलं होतं. डाळ भरडताना ती ते म्हणायची, तेव्हा त्याच्या कानावर पडलं होतं.

टँकर उना गावमा, हांडा लई पयनूत वं,
सुकदेवनी बागमा पेरू पानी पेतस वं.

बोरिंगले कुलूप, कुलूपले चावी वं,
सुकदेवना खिसामा गावनी तीस वं.

"पयनूत म्हणजे पळालो. आणि तीस म्हणजे?"

"तहान. तिसरं कडवं भागाबाईचं आहे. पंचायतीचं पाणी खालच्या आळीला पोचेना, म्हणून म्हातारी वाटीभर पाण्यासाठी जुन्या विहिरीत उतरली. पाय मोडला."

भागामाय उतरनी वाटीभर पानीले वं,
पाय तिना मोडना, सुकदेव चहा पेस वं.

प्रमिलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी तीनशेच्या वर गाणी लिहून घेतलीत," त्या म्हणाल्या. "छळ सगळ्यांत आहे. पण छळणारी सासू असते, नणंद असते. फार झालं तर राजा असतो, आणि त्याला नाव नसतं. पोथ्यांत तेच, पुस्तकांतही बरंचसं तेच. दुष्ट राजा कुठला तरी, कधीचा तरी. सरपंच मी पहिल्यांदाच ऐकतेय, तोही नावासकट. हे मला बायकांच्या आवाजात हवं. झोक्यावर. मी आखाजीला येते."

त्या गेल्यावर अभिमन बराच वेळ पंचायतीच्या पायरीवर बसला. मंजुळाबाईचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात काढला नाही, नंतर राहून गेलं. तीन महिन्यांत तिचा आवाज त्याच्या डोक्यातून पुसट व्हायला लागला होता. तिचं खोकणं आठवे, बोलणं आठवेना. टेपवर तिचा आवाज येणार नव्हता हे त्याला कळत होतं. पण गाणं राहिलं असतं. त्याला तेवढं हवं होतं.

आखाजीच्या चार दिवस आधी त्यानं झुंबरबाईला गाठलं. ती दारात सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होती.

"अक्का, धुयानी बाई ई ऱ्हायनी. मंजुळानं टँकरनं गानं म्हनानं शे."

झुंबरबाईची चाळणी थांबली. "ते नको भाऊ. दुसरा गाना काय कमी शेतस?"

"तेच पाहिजे."

"गौराईनं म्हनसूत. भावाबहिणीनं म्हनसूत. ती बाई खूश व्हई जाई."

"तिले खूश कराले मी नही सांगी ऱ्हायनू."

"म्हनूनच सांगस, नको," झुंबरबाई म्हणाली आणि पुन्हा चाळायला लागली.

अभिमननं अर्थ लावला तो असा, की बाया नानाला घाबरतात. आणि अर्थ लावण्यासारखं होतंही. झुंबरबाईच्या मुलाला घरकुल मंजूर व्हायचं होतं, कागद नानाच्या टेबलावर होता. दुसरीच्या सुनेला अंगणवाडीत लागायचं होतं. प्रत्येक घराचं एखादं तरी काम नानाकडे अडलेलं. मंजुळाबाई होती तोवर तीच पुढं असायची, तिच्यामागं सगळ्या गात. आता पुढं कोण होणार?

मग आपणच पुढं व्हायचं, असं त्यानं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आखाजीच्या आदल्या दिवशी पारावर पत्त्यांचा डाव बसला होता. आखाजीचे तीन दिवस गावात पत्ते उघड चालतात, बाप आणि मुलगा एका डावात बसतात, कोणी कोणाला बोलत नाही. नाना मधोमध मांडी घालून बसला होता. शेजारी झुलाल शिंपी.

"ये अभिमन, बठ," झुलाल म्हणाला. "नानाले हात लागी नही ऱ्हायना. तू बठशी ते कोनी तरी हारनारा भेटी."

सगळे हसले. अभिमन उभाच राहिला.

"नाना, उद्या धुयानी बाई ई ऱ्हायनी. झोकावर मन्ही बायकोनं गानं म्हनतीन."

"म्हनू द्या ना. मीच गाडी धाडी ऱ्हायनू बाईले." नानानं एक पान टाकलं. "कोनतं गानं?"

"टँकरनं."

डाव थांबला. नाना पानं हातात धरून अभिमनकडे बघत राहिला. रागानं नाही. एखादं जनावर बोलायला लागावं, तसं.

"ते गानं मी ऐकेल शे," तो म्हणाला. "आखाजीना गानाना राग धराना नही, म्हनून कधी बोलनू नही. पन ते आम्हना गावमा. टेपवर ते धुयाले जाई, तठून कोठे जाई काय सांगता? अक्कल चालाड. सुकदेवनी जागावर राजा म्हना. राजानी बागमा पेरू पानी पेतस. म्हनाले बी गोड. राजाना राग कोनलेच येत नही. राजा बठ्ठा मरी ग्यात."

"वा नाना," झुलाल म्हणाला. "तुम्ही ते कवी निंघनात."

पुन्हा हशा झाला. त्यानं पाराच्या दगडाला हात टेकला.

"नाना," तो म्हणाला, "पेरू राजाना नव्हतात. तुमना व्हतात."

यावर कोणी हसलं नाही. नानानं पानं नीट जुळवली, परत पसरली.

"चावी कोनाकडे शे रे अभिमन?"

"मन्हाकडे."

"ध्यानमा ठेव," नाना म्हणाला आणि पान टाकलं.

अभिमन पारावरून निघाला तो थेट झुंबरबाईच्या दारात. अंगात ज्वर भरल्यासारखं झालं होतं. त्याला वाटत होतं, हे मंजुळाबाईला कळायला हवं होतं. झुंबरबाई ओट्यावर होती, शेजारी लंगडी भागाबाई वाती वळत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाना काय म्हणाला, आपण काय म्हणालो, चावीचं काय झालं.

"आते भ्याव नही," तो म्हणाला. "काढी टाको मले. तुम्ही म्हना. नाव घी सन म्हना."

झुंबरबाईनं सरकून ओट्यावर जागा केली.

"भाऊ, बठ," झुंबरबाई म्हणाली. "तुले कितला कडवा माहीत शेतस?"

"तीन."

"चार शेतस."

"चौथं नही."

"शे. ते घरमा कशी म्हनी ती? झोकावर म्हने. तठे तुम्ही बाप्या येत नहीत." ती थोडी थांबली. "नानानं भ्याव आम्हले नही व्हतं भाऊ. त्यानं नाव ते पाच वरीस घेतस. तुन्हासमोर म्हनानं भ्याव व्हतं. ती गयी, तू एकला. कसाले दुखावानं?"

"म्हन," अभिमन म्हणाला.

झुंबरबाईनं नकाराची मान हलवली. भागाबाईनं वाती बाजूला ठेवल्या आणि तिनंच म्हटलं. म्हातारीला सूर नव्हता.

सुकदेव ते सांगस, हात कोना फिरस वं,
मन्हा घरना धनी तो, चावी फिरावस वं.
भाकर त्याले वाढसू, पानी कसं देऊ वं?

अभिमनला आधी काहीच वाटलं नाही. मग तो बोलायला लागला. म्हणाला, मी नोकर माणूस. सांगेल ते करायचं. वरच्या आळीला एक तास म्हणाले तर एक तास, खालच्या आळीला दहा मिनिटं तर दहा मिनिटं. टँकर बागेकडे वळव म्हणाले, वळवला. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा ठेवला असता. आणि मी दहाची बारा मिनिटं करायचो. नानाला कळू न देता. रोज. हे कोणाला माहीत नाही.

"माहीत व्हतं," भागाबाई म्हणाली. "दोन मिनिटमा एक कळशी भराये. आम्ही साठ घरं व्हतूत."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. होतं तेवढं तिनं सांगितलं.

अभिमन घरी आला. लेक सुनंदा जामनेरहून माहेरी आली होती. ती चुलीपुढे होती. तिनं ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. ताटाशेजारी भरलेला तांब्या ठेवला. तो तांब्याकडे बघत राहिला आणि त्याला आठवलं.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात एक दिवस तो जेवायला बसला तेव्हा ताटाशेजारी पाणी नव्हतं. विसरली असेल, म्हणून तो उठला, माठातून घेतलं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. आठवडाभरानं तो तिच्यावर ओरडला होता. ती म्हणाली होती, माठ तठेच शे. तो उठून घेत राहिला, आणि पुढं ती घराची सवयच झाली. भाकर ती वाढायची, पाणी तो घ्यायचा. पाऊस आला, दुष्काळ गेला, नवी पाइपलाइन आली, वरच्या आळीचा तास आणि खालच्या आळीची दहा मिनिटं मात्र तशीच राहिली. आणि तांब्या काही ताटाशेजारी परत आला नाही. पाच वर्षं. त्यानं एकदाही का म्हणून विचारलं नाही. धुळ्याला दवाखान्यात शेवटचे तीन दिवस तो तिला चमच्यानं पाणी पाजत होता. ती प्यायची आणि त्याच्याकडे बघायची. तेव्हा त्याला वाटलं होतं, आजारी माणूस बघतं तसं बघतेय.

"सुनंदा," तो म्हणाला, "तुले चौथं कडवं माहीत व्हतं?"

सुनंदाचा हात पिठात तसाच राहिला. "व्हतं आबा."

"तू बी म्हने?"

"झोकावर बठ्ठ्याच म्हनतस."

"मले सांगं नही."

"माय म्हने, तो इचारी तवय सांगसू."

तो जेवला. पाणी मात्र त्यानं उठून माठातलंच घेतलं.

सकाळी आखाजी. अभिमन उजाडताच चावी घेऊन टाकीवर गेला. सणाचा दिवस, दोन्ही आळ्यांत पुरणाचा स्वयंपाक. त्यानं खालच्या आळीचा वॉल आधी उघडला आणि तिथंच काठावर बसून राहिला. एक तास झाला तेव्हा बंद केला. मग वरच्या आळीला एक तास. त्याआधीच वरच्या आळीतून दोन माणसं विचारायला आली होती. त्यानं सांगितलं, येईल, तासाभरानं.

घरी येऊन त्यानं घागर भरली. ती पाटावर ठेवली, तोंडाशी आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मंजुळाबाईचं नाव घेतलं. सुनंदानं खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोरी असं ताट केलं. झुंबरबाई धुतलेलं लुगडं नेसून आली आणि पाटावर बसली. ताट सुनंदानं वाढलं. ती पाण्याला वळली तेव्हा अभिमन म्हणाला, "थांब."

त्यानं तांब्या घासलेला होता तरी पुन्हा धुतला. भरला. झुंबरबाईच्या ताटाशेजारी उजव्या हाताला ठेवला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यानं बाईच्या ताटाशेजारी पाणी ठेवलं नव्हतं. थोडं सांडलं.

झुंबरबाईनं तांब्याकडे पाहिलं. गावात रीत अशी की आधी घास, मग पाणी. तिनं आधी पाणी घेतलं. अर्धा तांब्या एका दमात प्याली आणि मग जेवायला लागली.

जेवण झाल्यावर अभिमन म्हणाला, "अक्का, चारी कडवा म्हना. आणि चौथामा मन्हं नाव घाला."

"नाव?"

"तिनं घातलं नही. नवरानं नाव बायको कशी घी? म्हनून घरना धनी म्हनं. धुयानी बाईले काय माहीत कोना घरना? सुकदेवनं नाव शे, ते मन्हं बी पाहिजे."

"पक्कं का भाऊ? टेपवर ऱ्हाई ते. तुन्हा नातूस्ना नातू ऐकतीन."

"ऐकू द्या."

झुंबरबाईनं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं ताट उचललं. मग झुंबरबाई हसली. "चार अक्षरं शेतस. बसतीन."

दुपारी उन्हं जरा कलल्यावर भागाबाईच्या दारातल्या कडुलिंबाला झोका बांधला. प्रमिलाबाई नानाच्या गाडीतून आल्या, मागून नानाही आला. त्याच्यासाठी खुर्ची आणली गेली. झोक्यापाशी एरवी पुरुष येत नाहीत, पण सरपंचाला कोण अडवणार? त्याच्यामागं पारावरचे पाचसहा जण आले. अभिमनही आला आणि खुर्चीपासून लांब, लिंबाच्या पलीकडे उभा राहिला.

प्रमिलाबाईंनी टेप सुरू केला. आधी गौराईचं झालं. मग भावाबहिणीचं. झोका वर जायचा, खाली यायचा, दोर करकरायचा. मग झुंबरबाईनं एक श्वास घेतला आणि टँकरचं उचललं.

पहिल्या कडव्याला बायांचा आवाज दबका होता. सुकदेव आला तेव्हा दोघीतिघींनी नुसतीच तोंडं हलवली. दुसऱ्याला थोडा वाढला. नाना हसरा चेहरा करून बसला होता, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून. तिसऱ्या कडव्याला भागाबाई स्वतःच उठून झोक्यापाशी आली, तेव्हा सगळ्याच गायला लागल्या. नानाची बोटं थांबली, चेहरा मात्र हसराच राहिला.

मग चौथं.

सुकदेव ते सांगस, हात कोना फिरस वं,
मंजुळाना अभिमन, चावी फिरावस वं.

पुरुषांनी माना वळवल्या. झुलालचं तोंड उघडंच राहिलं. अभिमन जागचा हलला नाही. त्यानं मान खाली घातली नाही, वर केली नाही. समोर झोका होता, तो बघत राहिला.

भाकर त्याले वाढसू, पानी कसं देऊ वं?

झोका थांबला. प्रमिलाबाईंनी टेप चालूच ठेवून विचारलं, "हे गाणं कोणी रचलं?"

"बायास्नं शे," झुंबरबाई म्हणाली. "आम्हना बठ्ठासनं."

"नाही," लिंबाआडून अभिमन म्हणाला. तो पुढं आला. "मंजुळाबाईनं. मंजुळाबाई अभिमन. लिहा. आणि तो अभिमन मीच."

प्रमिलाबाईंनी वहीत लिहून घेतलं. हे टेपवर आहे. त्यामागून एक माणूस हसला तेही आहे. तो नाना होता.

"आखाजी शे," नाना उठत म्हणाला. "आखाजीना राग धराना नही."

आणि त्यानं धरला नाही. तीन दिवस त्यानं अभिमनला रामराम घातला, पारावर पान खायला दिलं. चौथ्या दिवशी सकाळी पंचायतीचा दुसरा माणूस दारात आला. वना त्याचं नाव, वयानं लहान, खालच्या आळीतलाच.

"आबा, चावी दे," तो खाली बघत म्हणाला. "नानानी सांगं."

अभिमननं दाराआडून चावी काढली. अठरा वर्षांत जमिनीला तिथं खळगा पडला होता. त्यानं चावी पुसली आणि वनाच्या हातात दिली.

"वना, खालनी आळीले किती मिनिटं सांगं?"

"दहा."

"झोकावर म्हनतीन," अभिमन म्हणाला. "ध्यानमा ठेव. तुन्हं नाव दोनच अक्षरं शे. सहज बसी."

वना चावी खांद्यावर टाकून गेला. सुनंदा त्याच दुपारी जामनेरला निघायची होती. तिनं जायच्या आधी बापाला जेवू घातलं. ताट ठेवलं, तांब्या भरला, आणि तो हातात धरून उभी राहिली.

"ठेव आते," अभिमन म्हणाला.